वाट क्रमांक तीन-अ

३ मार्च

नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी वही, तिन्हींची सुरुवात आजच. आत्याने बजावलंय की निदान पहिल्या पानावर तरी कोणावर संशय घ्यायचा नाही. प्रयत्न करतोय. सामान उतरवणाऱ्यांनी पुस्तकांचं एक खोकं ओलं करून आणलं आणि मी चकार शब्द काढला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

घर झकास आहे. उद्यान खात्याचं क्वार्टर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तळमजला. आत्याच्या गुडघ्याला जिने नकोत, म्हणून तर मी या जागेसाठी अर्ज केला. दार उघडलं की हिरवळ, हिरवळीपलीकडे फिरायची वाट, वाटेखाली उतारावर झाडी आणि मग नदी. नदीकाठाने सात बागा आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या चार वाटा. त्या चारही आजपासून माझ्या ताब्यात. माझा हुद्दा वाटनिरीक्षक. आत्या दुपारभर मला 'वाट बघणारा माणूस' म्हणून चिडवत होती, तेही खिडक्यांना पडदे लावता लावता.

ती म्हणते रोजनिशीत माणसांची ओळख नीट लिहावी, म्हातारपणी आपलंच आपल्याला आठवत नाही. तर, आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील एकाच अपघातात गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून मला हीच. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि त्याला कारण मी, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. लहानपणी मी बिस्किटं मोजून डब्यावर आकडा चिकटवून ठेवायचो, म्हणून ती मला फौजदार म्हणते. अजून म्हणते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर चालायचं, नाहीतर सांधा आखडेल. आता घराबाहेर पडली की रस्ताच आहे. आज मी मनापासून खूश आहे.

५ मार्च

ऑफिस पंपघराशेजारी. एक मोठी खोली, भिंतीवर चारही वाटांचा नकाशा, कपाटात फायली. कारकूनबाई डुलकी काढत नाहीत, फक्त डोळे मिटून विचार करतात, असं त्यांनीच सांगितलं. आणि आहे माळीदादा, झाडांचा मुख्य. पन्नाशीचा, तोंडाचा मिटलेला, हाताचा कामसू.

कामाची पद्धत मजेशीर आहे. लोकांना आखलेली वाट कधीच पुरत नाही. कोणी बाकाकडे तिरकं जातं, कोणी पाण्याच्या नळाकडे, आणि महिन्याभरात गवतात पायवाट पडते. अशा पडलेल्या वाटा शोधायच्या. पंधरा दिवस पाहायचं. वापर चालू असेल तर दोनच मार्ग: एकतर काटेरी झुडपं लावून बंद करायची, नाहीतर मान्य करायची. मान्य म्हणजे खडी टाकायची, क्रमांकाचा दगड रोवायचा, नकाशात काढायची. बंद की मान्य, हे मी ठरवायचं.

मी मान्य करणाऱ्यांतला. लोक तोंडाने काहीही सांगतील, पाय लबाडी करत नाहीत. मला माणसांपेक्षा गवतावर जास्त विश्वास ठेवता येतो. येण्या-जाण्याची वाट असेल तर गवत विस्कटून दोन्हीकडे पडतं, एकेरी असेल तर विंचरल्यासारखं एकाच बाजूला झुकतं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, एवढं बारकाईने मुली बघितल्या असत्यास तर आज घरात सून असती.

९ मार्च

तिसऱ्या वाटेवर, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, अंतराचा नववा दगड आहे. तिथे उताराच्या बाजूला काटेरी झुडपांची दाट रांग आहे, चाळीस पावलांची. बाकी नदीकाठ मोकळा आणि इथेच तटबंदी. तीन झुडपं वाळलीयत आणि त्या खिंडीतून पायवाट पडलीय. खालून, पाण्यापासून सरळ वर.

माळीदादा नवी रोपं घेऊन हजर होता. आजच्या आज लावायची म्हणाला. मी म्हटलं, पंधरा दिवसांचा नियम आहे. तो म्हणाला, या जागेला नियम नाही. का नाही विचारलं तर खड्डा खणायला लागला. फाईल काढून पाहिली. माझ्या आधीच्या निरीक्षकाने लाल शाईत लिहून ठेवलंय: नवव्या दगडाची झुडपं कधीही विरळ होऊ देऊ नयेत. खाली सही. कारण नाही.

कारण न देता दिलेला हुकूम वाचला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच. कुठेतरी पाणी मुरतंय. माळी आणि जुना निरीक्षक मिळून लोकांपासून काय लपवत होते? खाली कोणाचं तरी काहीतरी चालू असणार. चोरून वाळू काढणं, मासे, काहीही. मी रोपं परत पाठवली. माळीदादा भांडला नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च

खिंडीत बारीक वाळू चाळून पसरली होती. आज सकाळी साडेसहाला गेलो तर ठसे. अनवाणी. मोजले, एकोणीस निरनिराळे. त्यात दोन पोरांचे. सगळ्यांची बोटं वरच्या दिशेला. खाली जाणारा एकही नाही. गवतसुद्धा सगळं वर झुकलेलं.

खाली उतरून पाहिलं. धक्का नाही, होडी नाही, उभं राहायला कोरडी जागा नाही. चिखल आणि पाणी. मग एकोणीस माणसं येतात कुठून? बहुधा पलीकडची कामकरी मंडळी, उथळातून चालत येत असतील आणि परतताना पुलावरून जात असतील. तसंच असणार. दुसरं काय असेल?

माळीदादाने ठसे पाहिले आणि पायातल्या बुटांनी घाईघाईने पुसून टाकले. पुरावा नष्ट करणं म्हणतात याला. वहीत तारीख-वेळ टिपून ठेवली.

२४ मार्च

पंधरा दिवस पुरे. वापर रोज चालू. वाट मान्य केली. माळीदादा मुलीला परगावी शिकायला सोडायला बारा दिवसांच्या रजेवर गेलाय. जाताना मला म्हणाला की साहेब, मी येईपर्यंत थांबा. म्हणूनच थांबलो नाही.

दोन मजुरांकडून खडी टाकून घेतली. उरलेली झुडपं छाटून तोंड रुंद केलं. दगड रोवला: तीन-अ. नकाशावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली तेव्हा छान वाटलं. पोराबाळांना घेऊन चिखलातून येणाऱ्यांना निदान पायाखाली खडी तरी मिळाली.

२८ मार्च

विचित्र आहे. तीन-अ वर आली की मुख्य वाटेला मिळते आणि संपते. पण आज पाहिलं, आमच्या घरासमोरच्या हिरवळीवर नवी पायवाट पडलीय. मुख्य वाटेपासून आमच्या दारापर्यंत. चार दिवसांत. गवत सगळं दाराकडे झुकलेलं.

आत्या म्हणाली, मीच येते-जाते ना रोज. पण ती फरशीच्या पट्टीवरून जाते, काठी गवतात रुतते म्हणून. शिवाय ती एकटी. एवढं गवत झोपायला वीसेक माणसं लागतात.

बोलता बोलता तिने आणखी एक सांगितलं. हल्ली सकाळी तिच्या मागे बरीच मंडळी फिरायला असतात. फार शिस्तीची. ती एवढी हळू चालते, पण कोणी ओलांडून पुढे जात नाही. ती थांबली की थांबतात. शाळेतली रांग आठवते म्हणाली. दिसतात कशी विचारलं, तर मान वळवली की गुडघ्यात कळ येते म्हणून मागे बघितलंच नाही म्हणे. कौतुकाने सांगत होती. मला मात्र ते अजिबात आवडलं नाही. म्हातारी बाई एकटी राहते का, घर कुठे, हे हेरणाऱ्या टोळ्या असतात.

३१ मार्च

आज तिच्या नकळत मागे राहिलो, शंभर पावलं अंतर ठेवून. सकाळी सात, स्वच्छ ऊन. आत्या पुढे. मागे कोणीही नाही. मी पूर्ण वेळ बघत होतो, डोळ्याची पापणी लवू न देता.

पण वाटेच्या कडेचं गवत झुकत होतं. ती पुढे गेली की दोन पावलं मागे, मग आणखी मागे, एकामागून एक, आणि पुन्हा उभं राहत नव्हतं. वारा नव्हता. ती बाकावर बसली तेव्हा थांबलं. उठली तेव्हा पुन्हा सुरू झालं.

बूट काढून बसलोय. आत्याला काय सांगू? सांगितलं की चष्म्याचा नंबर बदलून घे म्हणेल.

२ एप्रिल

सकाळी दारातल्या पायपुसण्यावर पाणी. स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी ठसे, ओले. सगळे आत येणारे. दार आतून बंद होतं, कडी मीच लावली होती, दोनदा तपासली होती.

पुसून काढले. आत्या उठायच्या आत.

मी तिला फिरायला जाऊ नको म्हटलं. हट्टाने बंद केलं. दुपारपर्यंत तिचा गुडघा सुजला. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतेय. तिच्या चालण्याचा आवाज येतो आणि ती थांबल्यावर क्षणभर अजून येतो.

४ एप्रिल

बंद केली. तीन-अ बंद केली.

मजूर यायला तयार नव्हते, म्हणून मीच. मी परत पाठवलेली, माळीदादाने पंपघरामागे जपून ठेवलेली सगळी रोपं, बत्तीस. खड्डे मीच खणले, दोन ओळी, अंगठा शिरायला जागा नाही. दगड उपटून काढला. हातांची चाळण झालीय काट्यांनी, पण आज कित्येक दिवसांनी जेवण गेलं. आता येऊन दाखवा म्हणावं.

५ एप्रिल

ठसे आजही. जास्त. आता ते दारातून येत नाहीत. खोलीतून खोलीत.

काय चुकलं?

६ एप्रिल

माळीदादा आला. नवी रोपं पाहिली. म्हणाला, साहेब, एकही परत गेलं नव्हतं ना हो. कोंडलंत तुम्ही त्यांना. या बाजूला.

एकोणीस ठसे. सगळे वर. मी स्वतः मोजले होते. मला फक्त कोण लबाडी करतंय एवढंच शोधायचं होतं.

मग त्याने सांगितलं, पहिल्यांदाच सलग. पूल नव्हता तेव्हा नवव्या दगडाखाली उतार होता, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. माहीतगार माणूस पुढे, बाकीचे रांगेने मागे. तो पाय टाकेल तिथेच पाय टाकायचा, कोणी कोणाला ओलांडायचं नाही, हा नियम. एकदा माहीतगाराचाच पाय चुकला. मागच्यांनी नियम पाळला. सगळ्यांनी. शेवटच्यापर्यंत.

तेव्हापासून ते पुढे चालणारं कोणीतरी शोधतात. हळू चालणारं, धीराचं.

बारा वर्षांपूर्वी झुडपं वणव्यात जळली तेव्हाही वर आले होते. माळीदादाचा थोरला भाऊ त्यांच्यापुढे चालत खाली गेला. पाण्याशी पोचलो की बाजूला होईन म्हणाला होता. तो परत आला नाही. त्याच्या पाठोपाठ माळीदादाने झुडपं लावली. एवढं सांगून तो रडला नाही, नुसता हाताची माती झाडत राहिला. मी त्याला चोर समजत होतो.

७ एप्रिल

आत्याला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तेच भयंकर आहे.

म्हणाली, तिला थोडंफार कळलंच होतं. पोरं चुकलेली असली की अशीच गुपचूप चिकटून चालतात. त्यांना घरी जायचंय म्हणे, कोणीतरी पुढे व्हायला हवं. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तुला काही झालं तर माझं कोण आहे, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, फौजदार, तू जेव.

उद्या दुपारच्या गाडीची तिकिटं काढलीयत. हे शहरच सोडायचं. निघताना ती चालणार नाही. रिक्षा थेट दारात. कडी, वर कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

८ एप्रिल, सकाळ

किल्ली खिशात आहे. कुलूप लावलेलं आहे. आत्या घरात नाही.

फरशीवर ठसे पहिल्यांदाच बाहेर जाणारे.

८ एप्रिल, नववा दगड

सापडली. बाकावर बसलीय. धडधाकट. देवा.

वही कमरेच्या पिशवीत होती म्हणून लिहितोय. माळीदादाला मिळावी. तो वर पंपघरापाशी आहे, तिथून खाली यायची त्याची हिंमत नाही. मी दोष देत नाही.

आत्या म्हणते, झुडपांमुळे अडलंय सगळं. काटे आहेत, पोरांना लागतील. इतकं साधं बोलतेय. तिच्या मागचं गवत पार वळणापर्यंत झोपलंय. ओढून नेऊ पाहिलं. जागची हलत नाही. हात बर्फासारखा.

ठरवलं. झुडपं उपटायची. ती उठायच्या आत मी पुढे व्हायचं. त्यांना कोणीतरी पुढे हवं, आत्याच हवी असं कुठे आहे? उतारावरून खाली, पाण्याच्या कडेला आलो की उजवीकडे उडी मारायची. उजवीकडे मोठं झाड आहे, फांदी हाताला येते. बघून ठेवलीय. माळीदादाच्या भावाने फांदी बघून ठेवली नसेल.

आत्याला सांगितलं, जागेवरून हलायचं नाही. शप्पथ घातली. मान हलवली तिने.

—

अकरा उपटली. पुरे. माणूस जाईल एवढी खिंड झाली.

मागे गवत उठलं. सगळं एकदम. मग माझ्याकडे झुकलं.

—

चालतोय. लिहीत चालतोय, म्हणजे हळू चालता येतं. मागे तेही हळू. खडी. माझीच. पायांना बरी लागते.

आता गवत खाली झुकतंय. पहिल्यांदाच खाली. जातायत. माझ्या मागून जातायत, आत्यापासून लांब. हसू येतंय मला.

—

चिखल. झाड दिसतंय. वीस पावलं.

थंड वास. मागे श्वास नाही. नुसते पाय.

मोजतोय. पायांच्या आवाजावरून. एकोणीसच असायला हवेत. एकोणीस —

वीस.

—

काठी. चिखलात काठी रुतल्याचा आवाज. रांगेच्या टोकाला.

वळून पाहिलं. बाक रिकामा आहे. आत्या सगळ्यात शेवटी, साडीचा घोळ हातात धरून, एकेक पाऊल माझ्या ठशात —

ओरडलो, मागे फिर. ती हसली. हात वर केला, शाळेत रांग नीट आहे असं दाखवायला करायची तसा.

झाड आलं. फांदी हातात आहे. मी बाजूला झालो तर माझ्या जागी पुढचा कोण — ते चालतच राहतील, आणि ती त्यांच्या मागून — मी थांबलो तर थांबतात. थांबलोय. पाणी घोट्याला. किती वेळ थांबता येईल?

माळीदादा, धावत या, ती टोकाला आहे, मागच्या मागे ओढा तिला, मी धरून ठेवतो रांग, मी हलत नाही, फक्त तुम्ही —

कोणीतरी वर येतंय का उतारावरून. पाय वाजतायत. नाही. ते वरून नाहीत. समोरून. पाण्यातून. माझ्या पुढे कोणीतरी चालतंय आणि माझा पाय आपोआप त्याच्या ठशात —